एकल प्रवेश प्रकल्पाच्या नोंदी : बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड

१० जून २०२४

एकल प्रवेशाच्या (एकदाच ओळख पटवून सर्व प्रणाली उघडण्याच्या), म्हणजे सगळ्यांच्या तोंडी एव्हाना रुळलेल्या एसएसओच्या प्रकल्पास संचालक मंडळाची मंजुरी मिळाली असून आजपासून या नोंदी ठेवीत आहे. मुख्य कार्यालय बेळगावात टिळकवाडीला, महाविद्यालये शहरात, हायस्कुले खानापूर आणि निपाणी भागांत, तर एक शाखा सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडला, असा संस्थेचा पसारा आहे. ई-मेल, ऑनलाइन अध्यापनाचे मूडल, ग्रंथालयाचे कोहा, प्रवेशप्रक्रिया, फी, पगारपत्रक, रजा आणि सामायिक फायली अशा वेगवेगळ्या प्रणाली आज वापरात आहेत. प्रत्येकीची वापरकर्त्यांची यादी स्वतंत्र आहे आणि कोणत्याही दोन याद्या एकमेकींशी जुळत नाहीत.

मंजुरीच्या ठरावात ‘कर्मचाऱ्यांना अनेक पासवर्ड लक्षात ठेवावे लागू नयेत’ एवढेच कारण नमूद केले आहे. हे कारण खरे आहे. खानापूरच्या कार्यालयात भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयचे पान उलटले, तर दुधाच्या हिशेबाशेजारीच पासवर्डांची यादी सापडते. जुना पासवर्ड एका रेघेने खोडलेला आणि त्याखाली तोच पासवर्ड, शेवटचा आकडा तेवढा एकने वाढवून लिहिलेला, असा तो तक्ता आहे. यात लिपिकांना दोष देण्यात अर्थ नाही. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती केली की माणसे असेच वागतात, हे ओळखून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत अशी सक्ती करू नये, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलायला लावावा, असे स्पष्ट सांगितले आहे.

तरीही माझ्या मते पासवर्डांची संख्या कमी होणे हा दुय्यम लाभ आहे. कोणता माणूस आज संस्थेत आहे, कोणत्या पदावर आहे आणि कोण सोडून गेला, याचे एकच उत्तर सर्व प्रणालींना एकाच वेळी मिळणे, हा मोठ्या संस्थेचा खरा फायदा आहे. लहान कार्यालयात हे उत्तर साहेबांच्या डोक्यात असते. आमच्यासारख्या दोन राज्यांत पसरलेल्या संस्थेत ते कोणाच्याच डोक्यात नसते.

१८ जून २०२४

तांत्रिक आराखडा ठरला. वापरकर्ता मूडल उघडतो, तेव्हा मूडल त्याला स्वतः पासवर्ड न विचारता मध्यवर्ती ओळख-सेवेकडे पाठवते. तिथे ओळख पटली की ओळख-सेवा डिजिटल सही केलेला निरोप देऊन त्याला परत पाठवते, आणि मूडल ती सही पडताळून त्याला आत घेते. पुढे तोच माणूस कोहा उघडतो तेव्हा ओळख-सेवेकडे त्याचे सत्र, म्हणजे एकदा केलेला प्रवेश, चालू असल्यामुळे त्याला पुन्हा काही विचारले जात नाही. या सगळ्यात पासवर्ड मूडलपर्यंत किंवा कोहापर्यंत पोहोचतच नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो; कारण आज एखाद्या किरकोळ प्रणालीचा डेटाबेस चोरीला गेला, तर त्यातले पासवर्ड इतरत्रही चालण्याची शक्यता दाट आहे.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या प्रोजेक्ट अथेनामध्ये ऐंशीच्या दशकात तयार झालेल्या कर्बेरॉस या ओळख-प्रणालीचा पाया हाच होता. ओळखीचा असा निरोप कसा द्यायचा हे ठरवणारे, वेबसाठीचे सॅमल २.० हे मानक मार्च २००५ मध्ये आले आणि ओपनआयडी कनेक्ट फेब्रुवारी २०१४ मध्ये. नव्या प्रणालींसाठी ओपनआयडी कनेक्ट आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी सॅमल, असे धोरण ठेवले आहे. ओळख-सेवेसाठी कीक्लोक हे मुक्त सॉफ्टवेअर निवडले. ते दोन्ही मानके बोलते, पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवर चालते आणि आमच्याच सर्व्हरवर ठेवता येते.

प्रवेशाचे पान मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तीन भाषांत राहील. भाषांतराच्या फायली आम्हीच भरल्या आहेत.

३ जुलै २०२४

प्रकल्पाचा सर्वांत जड भाग सुरू झाला असून त्यात संगणकाचे काम थोडे आणि कागदाचे काम फार आहे. सर्व प्रणालींतील वापरकर्त्यांच्या याद्या एकत्र करून एका माणसाची एकच नोंद करायची आहे.

एकाच शिक्षकाचे नाव पगारपत्रकात आडनाव आणि आद्याक्षरे अशा कर्नाटकातील कार्यालयीन पद्धतीने लिहिलेले आहे, मूडलमध्ये त्याने स्वतः नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा मराठी क्रमाने भरले आहे आणि ग्रंथालयात तेच नाव कन्नडवरून इंग्रजीत उतरवताना आडनावाची अक्षरे बदलली आहेत. चौगुले, चौगले आणि चौगुला अशा तीन नोंदी एकाच माणसाच्या निघाल्या. उलट एकाच हायस्कुलातील दोन वेगवेगळ्या पाटलांची आद्याक्षरे सारखी असल्यामुळे एका प्रणालीत ते दोघे मिळून एकच माणूस होऊन बसले होते आणि एकाच्या रजा दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत होत्या. दोघेही एकमेकांच्या शेजारच्या वर्गावर शिकवतात.

नावांवरून संगणकाने जुळवणी करावी, असा एक प्रस्ताव होता. तो मी नाकारला. नाव ही ओळख म्हणून कच्ची आहे, आणि सीमाभागात ती अधिकच कच्ची आहे. त्याऐवजी सेवापुस्तकातील कर्मचारी क्रमांक हाच आधार मानला असून तो कधीही बदलणार नाही आणि निवृत्तीनंतरही दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही, असा नियम आस्थापना विभागाकडून लेखी घेतला आहे. ई-मेलचा पत्ताही आधार म्हणून घेतलेला नाही. लग्नानंतर आडनाव बदलले की अनेक शिक्षिका पत्ता बदलून मागतात. पत्ता हीच ओळख धरली, तर त्या दिवशी प्रत्येक प्रणालीत एक नवीच व्यक्ती तयार होईल आणि जुन्या व्यक्तीचे गुण, रजा, पुस्तके मागे राहतील.

प्रत्येक शाखेच्या मुख्य लिपिकाने आपली यादी सेवापुस्तक समोर ठेवून ओळीनिहाय तपासावी आणि प्रत्येक पानावर सही करावी, असे परिपत्रक काढले. निपाणीचे मुख्य लिपिक सर्वांत आधी यादी घेऊन आले. त्यांनी यादीत नसलेल्या तीन सफाई कर्मचाऱ्यांची नावे पेनाने खाली लिहिली होती. ‘यांना कंप्यूटर लागत नाही म्हणून सोडू नका की ओ सर, पगाराची स्लिप यांनापण बघायची असते,’ असे ते म्हणाले. नावे घेतली.

११ जुलै २०२४

कर्नाटकातील शाळांची मोठी सुट्टी दसऱ्याची आणि महाराष्ट्रातील शाळांची दिवाळीची, त्यामुळे सर्व शाखा एकाच वेळी निवांत आहेत असा आठवडा वर्षात सापडत नाही. म्हणून एकदम बदल करण्याचा विचार सोडून शाखानिहाय टप्पे पाडले आहेत. पहिला टप्पा मुख्य कार्यालय, शेवटचा चंदगड.

२३ जुलै २०२४

दुसऱ्या पडताळणीबाबतचा निर्णय आज झाला. एकाच प्रवेशातून सर्व काही उघडणार असेल, तर पासवर्ड एकटा पुरेसा नाही, हे सर्वांना मान्य होते. वाद होता तो साधनाचा. मोबाइलवर एसएमएसने येणारा कोड बँकांमुळे सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळे बहुतेकांची पसंती त्याला होती. कणकुंबी-जांबोटी भागातील आमच्या हायस्कुलात जाऊन आल्यावर तो पर्याय मी बाजूला ठेवला.

तिकडे या दिवसांत पावसाला खळ नसतो. शाळेत फायबरचे इंटरनेट आहे आणि ते बरे चालते, पण इमारतीत मोबाइलची रेंज येत नाही. मुख्याध्यापिका बाईंनी चाचणीसाठी प्रवेश केला, कोड पाठवल्याचा संदेश पडद्यावर आला आणि फोन गप्प राहिला. छत्री उघडून त्या फाटकापर्यंत गेल्या, तेव्हा कोड आला. परत येईपर्यंत त्याची मुदत संपली होती. ‘सर, पगाराची स्लिप बघायला दरवेळी भिजत गेटापर्यंत जायचं काय ओ?’ असे त्यांनी विचारले, त्यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

म्हणून फोनमधील अ‍ॅपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड, म्हणजे टीओटीपी, हा मुख्य पर्याय ठरवला. २०११ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत नोंदणीच्या वेळी क्यूआर कोडमधून मिळालेले एक गुपित आणि फोनमधील घड्याळ या दोहोंवरून कोड काढते. त्यासाठी ना रेंज लागते, ना फोनवर इंटरनेट. शिवाय सिमकार्ड कोणत्या राज्याचे आहे आणि सीमेवर फोन कोणत्या टॉवरला चिकटला आहे, याच्याशी तिचा संबंध येत नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना यूएसबीची सुरक्षा-कळ देण्यात येईल. तिच्यामागचे वेबऑथन हे मानक मार्च २०१९ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने मान्य केले आहे, आणि बनावट संकेतस्थळापुढे ती कळ उत्तरच देत नसल्याने ती टीओटीपीहून अधिक भक्कमही आहे. हिशेब विभाग आणि प्रणाली-प्रशासक यांना ती सक्तीची केली.

६ ऑगस्ट २०२४

निपाणीच्या ग्रंथालयाचा सर्व्हर ओळख-सेवेचा निरोप नाकारत होता. कारण घड्याळ निघाले. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती, त्यामुळे वीज जाऊन आली की सर्व्हरचे घड्याळ काही वर्षे मागे जात असे. सॅमलच्या निरोपावर तो केव्हापासून केव्हापर्यंत ग्राह्य आहे हे लिहिलेले असते. ज्याच्या घड्याळात ती वेळ अजून उगवलेलीच नाही, तो सर्व्हर निरोप नाकारणारच. बॅटरी बदलली आणि सर्व सर्व्हर केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-संस्थेच्या वेळ-सेवेशी जोडले. तसेही सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळणी आवश्यकच आहे.

२२ ऑगस्ट २०२४

संस्थेच्या सचिवांनी आज बैठकीत एक सरळ प्रश्न विचारला : सगळ्या खोल्यांना एकच किल्ली केली आणि ती चोराच्या हाती पडली, तर काय? प्रश्न योग्य आहे आणि त्याला ‘असे होणार नाही’ असे उत्तर देता येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या याच क्षेत्रातील मोठ्या अमेरिकी कंपनीच्या ग्राहक-साहाय्य यंत्रणेत घुसखोरी झाली, आणि तिथे ग्राहकांनी दोष शोधण्यासाठी दिलेल्या फायलींमधून चालू सत्रांची टोकन, म्हणजे पासवर्डाशिवाय आत जाऊ देणारे डिजिटल परवाने, चोरांच्या हाती लागली. ज्यांचा धंदाच ओळख सांभाळण्याचा आहे, त्यांच्याकडेही हे घडले.

मी मांडलेली बाजू अशी. आज आठ ठिकाणी पासवर्ड आहेत, त्यांपैकी एकाही ठिकाणी दुसरी पडताळणी नाही, आणि रात्री दोन वाजता परदेशातून कोणी प्रवेश केला तरी ते पाहणारे कोणी नाही. आठ ठिकाणी पहारा ठेवण्याइतकी माणसे आमच्याकडे कधीच येणार नाहीत. एका ठिकाणी ठेवता येईल. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडणी आणि दुसरी पडताळणी या गोष्टी एकदा बसवल्या की सर्व प्रणालींना लागू होतात. जुन्या फी-प्रणालीत तर त्या बसवताच येत नाहीत.

प्रश्नाची दुसरी बाजू सचिवांनी विचारली नव्हती. ती मीच काढली. ओळख-सेवा बंद पडली, तर त्या दिवशी सगळेच बाहेर राहतील. त्यासाठी दुसऱ्या इमारतीत तिची जुळी प्रत आणि डेटाबेसची सतत नक्कल अशी व्यवस्था केली आहे. प्रत्येक महत्त्वाच्या प्रणालीत ओळख-सेवेवर अवलंबून नसलेले एक आणीबाणीचे खातेही ठेवले असून त्याचे पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत आहेत, आणि पाकीट फोडल्यास त्याच दिवशी नवे करायचे आहेत. सचिवांनी तिजोरीच्या नोंदवहीत स्वतः सही केली.

१९ सप्टेंबर २०२४

गणपती विसर्जनानंतर कार्यालये भरली आणि मूडल व कोहा ओळख-सेवेला जोडले. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर असल्याने जोडणीस वेगळा परवाना लागला नाही.

जोडताना प्रत्येक प्रणालीला वापरकर्त्याची किती माहिती द्यायची, याचा तक्ता केला. ग्रंथालयाला नाव, क्रमांक, वर्ग आणि शाखा एवढे पुरते. जात, आधार क्रमांक, जन्मतारीख यांचा पुस्तक देण्याघेण्याशी संबंध नाही. आजवर प्रत्येक प्रणालीने नोंदणीच्या वेळी जे सुचेल ते विचारून ठेवले होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे. त्याची अंमलबजावणी दाराशी येण्याआधी हा पसारा आवरलेला बरा.

महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना याचा आणखी एक उपयोग आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचा इन्फेड हा संघ याच तत्त्वावर चालतो : महाविद्यालयाने ‘हा आमचा माणूस’ अशी ग्वाही दिली की प्रकाशक त्याला घरबसल्या नियतकालिके उघडू देतात. आज ही नियतकालिके वाचण्यासाठी प्राध्यापकांना महाविद्यालयाच्या आवारातच बसावे लागते. ग्रंथपालांनी अर्जाची तयारी सुरू केली आहे.

१ ऑक्टोबर २०२४

ज्या कामासाठी मला हा प्रकल्प हवा होता, ते काल रात्री प्रथम घडले. काही अतिथी व्याख्यात्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपत होती. मध्यरात्रीनंतर आस्थापनेच्या नोंदीतील तारखेवरून त्यांची खाती ओळख-सेवेत आपोआप बंद झाली. कोणी कोणाला फोन केला नाही, कोणते पत्र निघाले नाही. आजवर सोडून गेलेल्या माणसाची खाती बंद करण्यासाठी प्रत्येक प्रणालीच्या प्रशासकाला वेगळे कळवावे लागे आणि ते कळवणे नियमाने राहून जात असे. याद्या जुळवताना जी मृत खाती सापडली त्यांत निवृत्त झालेलेच नव्हेत, तर दिवंगत झालेले कर्मचारीही होते.

सकाळी लगेच एक अडचण आली. एका व्याख्यात्या बाईंना अंतर्गत मूल्यमापनाचे गुण भरायचे राहिले होते आणि त्यांना मूडल उघडेना. विभागप्रमुखांनी मला फोन करून खाते ‘जरा उघडून द्या’ असे सांगितले. मी ते केले नाही. त्यांनी मुदतवाढीचे पत्र आस्थापनेला दिले, आस्थापनेने नोंदीतील तारीख बदलली आणि दुपारपर्यंत खाते सुरू झाले. थोडा वाईटपणा आला. पण संगणक विभागाने तोंडी विनंतीवर खाती उघडायला सुरुवात केली की नोंद एक सांगणार आणि प्रणाली दुसरेच वागणार, आणि वर्षभरात आम्ही होतो तिथेच येऊन पोहोचू.

बदल्यांचेही असेच आहे. खानापूरहून निपाणीला गेलेल्या लिपिकाला निपाणीचे अधिकार मिळत, खानापूरचे मात्र काढले जात नसत. दोनतीन बदल्यांनंतर त्याच्याकडे प्राचार्यांपेक्षा जास्त अधिकार जमत. आता अधिकार व्यक्तीला न देता पद आणि शाखा यांच्या गटाला दिले आहेत. गट बदलला की मागचे अधिकार आपोआप गळतात.

२१ ऑक्टोबर २०२४

बाहेर पडण्याचा, म्हणजे लॉगआउटचा, प्रश्न प्रवेशापेक्षा किचकट निघाला. ओळख-सेवेने खाते बंद केले, तरी मूडलने आधीच सुरू करून दिलेले स्वतःचे सत्र त्यामुळे संपत नाही. कीक्लोकचे प्रवेश-टोकन मुळातच पाच मिनिटांचे असते, पण प्रणालीने ते एकदा तपासून आपले वेगळे सत्र उघडले की पुढचा कारभार तिच्या हाती जातो. प्रयोगशाळेतील सामायिक संगणकांवर तर एक विद्यार्थी मूडलमधून बाहेर पडून उठतो आणि पुढचा विद्यार्थी कोहा उघडतो तो पहिल्याच्या नावाने.

उपाय तीन पातळ्यांवर केला. जिथे प्रणालीला ओळख-सेवेचा मागच्या वाटेने येणारा ‘सत्र संपवा’ हा निरोप समजतो, तिथे तो सुरू केला; जिथे समजत नाही, तिथे सत्राची मुदत आखूड केली; आणि प्रयोगशाळेतील संगणकांवर ब्राउझर बंद होताच सर्व पुसले जाईल अशी मांडणी केली. ही व्यवस्था निर्दोष नाही. शिक्षकांना मधूनच पुन्हा प्रवेश करावा लागतो आणि त्याबद्दल ते कुरकुर करतात. आखूड मुदत तशीच ठेवली आहे.

याच सुमारास ‘ऑफिस’ नावाचे सामायिक खाते बंद केले. फी-विभागातील सगळे लिपिक ते वापरत. फीमध्ये सवलत कोणी दिली, असा प्रश्न गेल्या वर्षी लेखापरीक्षकांनी विचारला, तेव्हा नोंदीत ‘ऑफिस’ एवढेच उत्तर होते. फीचा जो भाग ब्राउझरमधून चालतो, त्यात आता व्यक्तीचे नाव, वेळ आणि संगणक नोंदला जातो, आणि सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे या नोंदी १८० दिवस जपून ठेवल्या जातात. विशेष म्हणजे या बदलाला सर्वांत जास्त पाठिंबा लिपिकांनीच दिला. संशय सगळ्यांवर येण्यापेक्षा ज्याचे काम त्याच्या नावावर असलेले त्यांना हवे होते.

२५ नोव्हेंबर २०२४

चंदगड शाखा दिवाळीच्या सुट्टीत जोडली गेली. काही गोष्टी बाहेरच राहिल्या आहेत. कर्नाटकातील शाळांसाठी सॅट्स, महाराष्ट्रातील शाखेसाठी शालार्थ आणि दोन्हीकडे यूडायस प्लस ही सरकारी संकेतस्थळे आमच्या ओळख-सेवेला जोडता येत नाहीत. त्यांची खाती त्या त्या शासनाच्या हाती आहेत. फीचा जुना, प्रत्येक संगणकावर वेगळा बसवलेला भाग आणि हिशेबाचे टॅली हेही बाहेर आहेत. तेव्हा ‘एकच पासवर्ड’ असे कोणी शिक्षकांना सांगू नये, अशी सूचना सर्व शाखांना दिली आहे.

पगारपत्रकाचे काम मात्र पैशावर अडले आहे. ज्या पुरवठादाराचे सॉफ्टवेअर आपण घेतो, तो सॅमलची सोय फक्त वरच्या दराच्या योजनेत देतो. त्या योजनेतील बाकीचे काहीही आम्हाला नको आहे. ही पद्धत या धंद्यात सर्रास आहे. सुरक्षिततेची मूलभूत सोय चैनीच्या वस्तूसारखी विकणे मला पटत नाही, परंतु करार मार्चपर्यंत असल्याने तोवर पगारपत्रकाची खाती आस्थापनेच्या यादीशी दर आठवड्याला हाताने ताडून पाहायची आहेत. हे काम वेळखाऊ आहे, आणि पगाराच्या प्रणालीत ते टाळण्यासारखे नाही.

पुढील खरेदीसाठी निविदेच्या मसुद्यात तीन अटी घातल्या आहेत : ओपनआयडी कनेक्ट किंवा सॅमल २.० ची सोय मूळ किमतीतच असावी. खाते तयार करणे आणि बंद करणे एससीआयएम या खाते-व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ मधील २.० आवृत्तीप्रमाणे आपोआप होऊ शकावे. आणि वापरकर्त्याची ओळख ई-मेलवरून न धरता संस्थेने दिलेल्या क्रमांकावरून धरावी. मसुदा गुरुवारी खरेदी समितीपुढे ठेवायचा असून त्याची कन्नड प्रत तयार करण्यास मुख्य लिपिकांना सांगितले आहे.